पाळीवर बसून वाचलेला चीन

रोवणी आटोपून आठ-दहा दिवस झालेले असतात. परे मुळं धरू लागलेले असतात, पण रंग अजून पिवळटच असतो. आमच्या भागात या दिवसांत शेतकऱ्याचा जीव धुऱ्यावर टांगलेला असतो. असाच एक शेतकरी चीनमधल्या सोंग नावाच्या राज्यात होता. रोपं वाढत नाहीत म्हणून त्याला चैन पडेना. एके दिवशी त्याने शेतात जाऊन एकेक रोप थोडं थोडं वर ओढलं. संध्याकाळी थकून घरी आला आणि म्हणाला, आज मी रोपांना वाढायला मदत करून आलो. मुलगा धावत शेतात गेला, तर सगळी रोपं माना टाकून पडलेली.

ही गोष्ट मेन्शियसने सांगितली, इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात. तिकडची रोपं बहुधा बाजरीच्या जातीच्या धान्याची असतील, आमच्या एकोडीत ती धानाची झाली. गावातल्या काही मुलामुलींसाठी हिवाळ्याच्या संध्याकाळी मी प्राचीन चीनच्या विचारवंतांबद्दल बोलत असे. त्याचंच लिखित रूप पुढच्या पानांत आहे. ही गोष्ट मी पहिल्याच दिवशी सांगितली. मुलं हसली. पण मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी, ज्यांचा जन्म रोवणीत गेला, लगेच विचारलं, “त्या पोराला बापानं आधी शेतात नेलंच नव्हतं काय?” त्या प्रश्नावर मी पुढे कित्येक दिवस विचार करत होतो. मेन्शियसला माणसाच्या मनातल्या चांगुलपणाबद्दल बोलायचं होतं. तो अंकुर प्रत्येकात असतो, निंदण केलंच नाही तर तो दबतो आणि ओढून काढला तर मरतो, असं त्याचं म्हणणं. बाईंनी विचारलं ते याच्या पुढचं होतं. अंकुर जपायला शिकवणार कोण, केव्हा आणि कसं? प्राचीन चीनमधला जवळजवळ सगळा वाद या एका प्रश्नाभोवती फिरतो, हे मला त्या संध्याकाळी नीट उमगलं.

साकोली तालुक्यातल्या एका गावात बसून चीनचं तत्त्वज्ञान कशाला, असं मला अनेकांनी विचारलं. माझं उत्तर तलावाकडे बोट दाखवून सुरू होतं. भंडारा हा तलावांचा जिल्हा. गोंड राजांच्या काळापासून इथे कोहळी आणि इतर शेतकऱ्यांनी उतार ओळखून पाळी बांधल्या, पाट काढले, लहान लहान बोड्या खोदल्या. पुढे मालगुजारांच्या ताब्यात आल्यामुळे हे तलाव मालगुजारी तलाव, म्हणजेच ‘मामा तलाव’, म्हणून ओळखले जाऊ लागले. ज्या गावाचं पोट एका तलावावर भरतं, त्या गावाला काही प्रश्न टाळताच येत नाहीत. पाणी आधी कुणाला? वरच्या बांधीवाल्याने पाट अडवला तर काय करायचं? पाळ फुटली तर मातीची टोपली कुणी उचलायची? आणि हे सगळं कशाच्या जोरावर चालावं? रीतीच्या, कायद्याच्या, धाकाच्या, की माणसाच्या मनात मुळातच असलेल्या समजुतीच्या? कन्फ्यूशियसपासून हान फेइपर्यंतची माणसं अडीचशे-तीनशे वर्षं राज्याच्या मापाने हेच भांडण भांडत होती.

तो काळ फार वाईट होता. इसवी सनापूर्वी 770 मध्ये चौ राजघराण्याला आपली राजधानी पूर्वेकडे हलवावी लागली आणि राजाचा शब्द हळूहळू पोकळ होत गेला. मांडलिक स्वतःला राजे म्हणवू लागले, मोठी राज्यं लहानांना गिळू लागली. इसवी सनापूर्वी 551 ते 479 हा कन्फ्यूशियसचा काळ. तो लू नावाच्या छोट्या राज्यातला, आजच्या शानतुंग प्रांतातला. त्याच्यानंतरची दोन-अडीच शतकं तर ‘झुंजणाऱ्या राज्यांचा काळ’ म्हणूनच ओळखली जातात. इसवी सनापूर्वी 221 मध्ये छिन राज्याने बाकी सगळ्यांना संपवून एकछत्री साम्राज्य उभं केलं. या धुमश्चक्रीत लिहिणारी, शिकवणारी, दरबारोदारबारी हिंडणारी ही माणसं निवांत आश्रमात बसलेली नव्हती. त्यांच्या प्रत्येक वाक्यामागे कुठेतरी जळालेलं गाव आहे, हे ध्यानात ठेवून त्यांना वाचावं.

आपण तत्त्वज्ञानाला ‘दर्शन’ म्हणतो, त्यात मुख्य क्रिया पाहण्याची. चिनी विचारात मध्यावर बसलेला शब्द आहे ‘ताओ’, त्याचा साधा अर्थ रस्ता, वाट. या शब्दाचं भाषांतर कसं करावं, यावरून एक मोठा वाद झाला होता आणि तो आपल्याशी फार जवळून जोडलेला आहे. चिनी बौद्ध यात्रेकरू ह्युएन त्सांग भारतात वर्षानुवर्षं हिंडून 645 मध्ये मायदेशी परतला. आपल्या महाराष्ट्राचं वर्णनही त्याने करून ठेवलं आहे. परतल्यावर दोन वर्षांनी सम्राटाने त्याला ताओ पंथाला पूज्य असलेल्या लाओत्सेचा ग्रंथ संस्कृतात उतरवायला सांगितलं, कामरूपाच्या भास्करवर्मा राजासाठी. मदतीला ताओ पंथाचे पंडित दिले. ते म्हणाले, ‘ताओ’साठी ‘बोधि’ हा शब्द घ्या, पूर्वीचे भाषांतरकार तसंच करत आले आहेत. ह्युएन त्सांग अडून बसला. बोधि म्हणजे जागं होणं, ताओ म्हणजे चालायची वाट, म्हणून शब्द ‘मार्ग’च हवा, असा त्याचा आग्रह. ते संस्कृत भाषांतर आज उपलब्ध नाही. पण त्याने निवडलेला शब्द आपल्या तोंडी आहे. 1956 मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर जो धम्म स्वीकारला गेला, त्याचा अष्टांगिक मार्ग भंडारा जिल्ह्यातल्या घराघरात म्हटला जातो. वारकरी तर वाटेवरच जगतो. त्यामुळे चीनचे हे विचारवंत वाटेबद्दल भांडत होते, असं सांगितलं की मराठी माणसाला ते परकं वाटत नाही.

वाट एकच, पण तिच्याबद्दलची भांडणं पाहायची असतील तर पाण्याजवळ जावं. या मंडळींना पाण्याचं जणू वेडच होतं. कन्फ्यूशियस नदीकाठी उभा राहून रात्रंदिवस न थांबता जाणाऱ्या प्रवाहाकडे बघत बोलला, असं त्याच्या शिष्यांनी नोंदवलं आहे. लाओत्सेला पाण्याचा खोलगटपणा आवडला. लोक ज्या सखल जागेला नाकं मुरडतात तिथे पाणी जाऊन बसतं, सगळ्यांना देतं आणि कुणाशी झगडत नाही. आमच्याकडे सगळ्यात ओलीची बांधी खोलातलीच असते, म्हणून हे समजावायला मला कधी वेळ लागला नाही. मेन्शियसचा काओत्से नावाच्या विचारवंताशी वाद झाला. काओत्से म्हणाला, माणसाचा स्वभाव घुमणाऱ्या पाण्यासारखा असतो, पूर्वेकडे तोंड फोडलं तर पूर्वेला जाईल, पश्चिमेला फोडलं तर पश्चिमेला. पाट फोडणारा कोणीही याला मान डोलावेल. मेन्शियसचं उत्तर असं, की पूर्व-पश्चिम पाण्याला कळत नसेल, पण वर आणि खाली तर कळतं ना? माणूस चांगुलपणाकडे तसाच उताराने जातो. तळहाताने मारून पाणी कपाळाच्या वर उडवता येतं, बांध घालून डोंगरावर चढवताही येतं, पण तो पाण्याचा स्वभाव नव्हे, ती बळजबरी.

श्युनत्सेला हे मुळीच पटलं नाही. तो मेन्शियसनंतरचा, इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातला, आणि माझ्या मते या सगळ्यांत जास्त शिस्तीने विचार करणारा. त्याच्या दृष्टीने माणूस जन्मतः हावरा असतो. वाकडं लाकूड वाफेवर धरून, दाबून सरळ करावं लागतं, तसं माणसाला शिक्षणाने आणि रीतीने सरळ करावं लागतं. तोही पाण्याबद्दल बोलला आहे. राजा नाव आणि प्रजा पाणी, तेच पाणी नाव तरंगवतं आणि तेच उलटवतं, हे जुनं वचन त्याच्या ग्रंथात येतं. मेन्शियस आणि श्युनत्से हे दोघेही स्वतःला कन्फ्यूशियसचे वारस समजत. म्हणजे एकाच घरात इतका टोकाचा मतभेद नांदत होता. म्हणूनच ‘कन्फ्यूशियसवाद’ असा एकच गठ्ठा करून जी पुस्तकं पुढे जातात, त्यांच्यापासून वाचकाने सावध राहावं.

हे गठ्ठे मुळात नंतर बांधलेले आहेत. हान राजवटीतल्या स्सुमा थान या दरबारी इतिहासकाराने जुन्या विचारांची सहा घराणी पाडली: यिन-यांगवाले, कन्फ्यूशियसला मानणारे पंडित, मोत्सेचे अनुयायी, नामचर्चा करणारे, कायदावाले आणि ताओवाले. इसवी सनापूर्वी 110 मध्ये तो वारला. ‘ताओवादी’ हे नाव लाओत्से किंवा च्वांगत्से यांनी स्वतःला कधी लावलं नाही. यिन-यांगवाल्यांबद्दल आणि ‘पांढरा घोडा हा घोडा नव्हे’ असा युक्तिवाद करणाऱ्या नामचर्चकांबद्दल या पुस्तकात थोडंच आहे, कारण त्यांच्याबद्दल सांगावं असं माझ्याकडे थोडंच आहे.

तुलनेसाठी मला सगळ्यात उपयोगी पडली ती बाप-लेकाची एक गोष्ट. एका राज्यात एका माणसाने मेंढी चोरली आणि त्याच्या मुलाने बापाविरुद्ध साक्ष दिली. तिथला सरदार कन्फ्यूशियसला अभिमानाने म्हणाला, आमच्याकडे असे सरळ लोक आहेत. कन्फ्यूशियस म्हणाला, आमच्याकडची सरळ माणसं वेगळी असतात. तिथे बाप मुलाला झाकतो, मुलगा बापाला झाकतो, आणि सरळपणा त्यातच असतो. आता दोनशे वर्षांनंतरचा कायदावाला हान फेइ हीच गोष्ट कशी सांगतो ते पाहा. त्याच्या कथेत साक्ष देणाऱ्या मुलालाच अधिकारी मारून टाकायला सांगतो, कारण तो राजाशी एकनिष्ठ असला तरी बापाशी वाईट वागला. हान फेइ म्हणतो, बघा, राजाचा चांगला प्रजाजन हा बापाचा वाईट मुलगा ठरतो. घरातली नीती आणि राज्याचा कायदा एका दावणीला बांधता येत नाहीत. दोन्ही सांभाळू पाहणारा राजा बुडतो. आणि मोत्सेच्या पंथातली तिसरी गोष्ट आहे. पंथाच्या म्होरक्याच्या मुलाने खून केला. म्हातारा बाप, एकुलता एक मुलगा, म्हणून छिनच्या राजाने माफी दिली. बापाने ती नाकारली. खुनाला देहदंड हा आमच्या पंथाचा नियम आहे म्हणाला, आणि मुलाचा जीव जाऊ दिला.

गावात धुरा कोरण्यावरून किती भांडणं होतात हे इथल्या वाचकाला सांगायला नको. वर्षाला वीतभर कोरत शेजाऱ्याची जमीन आत घेणारा जर आपलाच बाप असेल, तर मुलाने तलाठ्याकडे जावं का? या एका प्रश्नावर आमची दोन संध्याकाळी चर्चा झाली. मुलं कन्फ्यूशियसच्या बाजूने गेली आणि मुली बहुतेक त्याच्या विरोधात. मुलींचं म्हणणं असं, की घर झाकलं की घरातलं आणखी बरंच काही झाकलं जातं. मला ते बरोबर वाटतं. कन्फ्यूशियसने ‘रन’ हा शब्द उचलून धरला. त्याच्या चिनी अक्षरात ‘माणूस’ आणि ‘दोन’ या खुणा शेजारी बसल्या आहेत. मी त्याला ‘माणुसकी’ म्हणतो आणि याहून चांगला शब्द मला कुठल्याच भाषेत दिसत नाही. शिकवताना त्याने उच्च-नीच पाहिलं नाही, हेही खरं. पण त्याची माणुसकी घरापासून निघून पायरीपायरीने बाहेर जाते आणि शेवटच्या पायरीवरच्या माणसापर्यंत पोहोचेस्तोवर फार पातळ होते.

म्हणून मोत्से. या पुस्तकातलं सगळ्यात मोठं प्रकरण त्याचं आहे आणि ते मी जाणूनबुजून मोठं केलं. त्याने विचारलं, दुसऱ्याच्या घराकडे आपल्या घरासारखं, दुसऱ्याच्या राज्याकडे आपल्या राज्यासारखं का पाहू नये? पायरी न ठेवता सगळ्यांचं सारखं हित का पाहू नये? आणि तो नुसता बोलला नाही. बलाढ्य छू राज्य छोट्या सोंगवर चालून जाणार होतं. कुंगशू पान नावाच्या निष्णात कारागिराने तटावर चढायच्या उंच शिड्या तयार केल्या होत्या. हे कळताच मोत्से दहा दिवस, दहा रात्री चालत छूच्या राजधानीत पोहोचला. राजासमोर त्याने कमरेचा पट्टा काढून त्याचा तट केला, लाकडाचे तुकडे मांडले आणि लुटुपुटुची लढाई सुरू झाली. कुंगशू पानने नऊ वेळा हल्ला केला, नऊ वेळा मोत्सेने परतवला. कारागिराच्या युक्त्या संपल्या. आता एकच उपाय उरला, मोत्सेला मारून टाकणं. ते ओळखून मोत्से म्हणाला, माझे तीनशे शिष्य हीच अवजारं घेऊन सोंगच्या तटावर आधीच उभे आहेत. राजाने स्वारी रद्द केली. परतीच्या वाटेवर सोंगच्या वेशीपाशी पाऊस लागला. मोत्से आडोशाला जाऊ लागला, तर ज्या गावाला त्याने वाचवलं होतं तिथल्याच पहारेकऱ्याने त्याला आत घेतलं नाही.

हा शेवट मी जेव्हा जेव्हा सांगतो, माझा गळा भरून येतो. मोत्सेचा पंथ छिनच्या साम्राज्यानंतर जवळजवळ नाहीसा झाला. दोन हजार वर्षं त्याचा ग्रंथ फारसा कुणी उघडला नाही. पण ज्या महाराष्ट्रात 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन दाखवावं लागलं, तिथे मोत्सेचा प्रश्न जुना होऊ शकत नाही. आमचे तलाव बांधणाऱ्यांच्या कसबाचा मला अभिमान आहे. तरी त्या जुन्या व्यवस्थेत पाणी सगळ्यांना सारखं मिळत होतं असं मी म्हणणार नाही.

रीत आणि कायदा यांचं नातं मात्र या तलावांनीच मला शिकवलं. कन्फ्यूशियसचं म्हणणं होतं, की नुसत्या हुकमांनी आणि शिक्षांनी लोकांना हाकलं तर ते पळवाटा शोधतात आणि त्यांना लाज वाटत नाही. रीतीने आणि स्वतःच्या वागण्याने नेलं तर लाज जागी राहते. 1951 मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारी झाले. अन्याय्य मालकी गेली हे योग्यच झालं. पण पावसाळ्याआधी पाळीची डागडुजी करायची, पाटातला गाळ काढायचा, पाणकराच्या शब्दाप्रमाणे पाणी घ्यायचं, ही गावाची सवयही हळूहळू सुटत गेली. गाळ भरला, काठाने अतिक्रमणं आली. कायद्याची कागदं होती, रीत उरली नव्हती.

हान फेइ याला हसला असता. त्याच्या मते जुन्या राजांच्या रीतीने आजचा कारभार करू पाहणारं राज्य म्हणजे बुंध्यापाशी बसलेला तो शेतकरी, ज्याच्या शेतातल्या बुंध्यावर एकदा एक ससा आपटून मेला आणि मग तो नांगर टाकून दुसऱ्या सशाची वाट बघत बसला. कायदा सगळ्यांना ठाऊक हवा, सगळ्यांना सारखा हवा, बक्षीस आणि शिक्षा निश्चित हवी. त्याच्या ग्रंथात डोळस, थंड आणि पुष्कळदा खरं असं बरंच आहे. छिन राज्याने हा मार्ग धरला आणि त्याला फळंही आली. इसवी सनापूर्वी 256 च्या सुमारास ली पिंग या छिनच्या अधिकाऱ्याने मिन नदी दुभागणारी तुच्यांगयान ही पाटबंधाऱ्याची योजना उभी केली. ती आजही स्सुच्वानची शेतं भिजवते. पण हान फेइ स्वतः 233 मध्ये छिनच्याच तुरुंगात विष घेऊन मेला आणि त्याला तिथवर पोहोचवण्यात त्याचा गुरुबंधू ली स्स याचा हात होता, असं इतिहासकार सांगतात. 213 मध्ये ग्रंथ जाळण्याचा हुकूम निघाला तो याच ली स्सच्या सल्ल्याने. आणि सगळं जग जिंकलेलं ते साम्राज्य एकीकरणानंतर पुरती सोळा वर्षंही टिकलं नाही.

च्वांगत्सेचं काय, असं विचाराल. त्याची तुलना कुणाशी करणं कठीण आहे, म्हणून त्याच्या प्रकरणात मी गोष्टीच जास्त सांगितल्या आहेत. एक इथे पुरे. एक म्हातारा माळी विहिरीत उतरून मडक्याने पाणी आणून वाफ्यांना घालत होता. कन्फ्यूशियसच्या शिष्याने त्याला सुचवलं, एक आडवा दांडा लावा, मागच्या टोकाला वजन बांधा, दिवसाला शंभर वाफे भिजतील. माळी म्हणाला, ते मला ठाऊक आहे, पण यंत्र आलं की यंत्राची कामं येतात, आणि मग मनही यंत्राचं होतं. ते वापरायची मला लाज वाटते, असंही तो म्हणाला. विहिरीवर मोटर बसवणाऱ्या आमच्या गावात ही गोष्ट ऐकून कुणी मडकं हातात घेणार नाही, घेऊही नये. तरीही भारनियमनाच्या दिवसांत रात्री दोन वाजता मोटर सुरू करायला उठणारा शेतकरी ही गोष्ट नीट ऐकतो.

या परंपरा एकमेकींच्या वैरिणी होत्या, हे चित्रही आता बदललं आहे. 1993 मध्ये हुपै प्रांतात क्वोत्येन इथे एक कबर उघडली गेली. इसवी सनापूर्वी 300 च्या सुमाराची. तिच्यात बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेला लाओत्सेचा आजवर मिळालेला सर्वांत जुना मजकूर निघाला, आणि त्याच कबरीत कन्फ्यूशियसच्या परंपरेतले लेखही. त्या मेलेल्या माणसाने दोन्ही आपल्यासोबत नेले होते. शिवाय त्या जुन्या मजकुरात माणुसकी आणि न्याय या कल्पनांवर तुटून पडणारी, पुढच्या प्रतींत सापडणारी वाक्यं तशी नाहीत. आणि लाओत्सेच्या पट्ट्यांसोबत एक छोटा लेख निघाला, ज्यात सृष्टीच्या आरंभी सगळ्यांत आधी पाणी जन्मतं. ते बांबू कबरीत ठेवले गेले त्या शतकांच्या आसपासच आपल्या जिल्ह्यात वैनगंगेकाठी पवनीला स्तूप उभा राहत होता. तो 1969-70 च्या उत्खननात जगन्नाथ टेकडीवर सापडला.

मराठी माणसाने चिनी भाषा शिकली नाही असं नाही. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातले पु. वि. बापट आणि वा. वि. गोखले यांनी बौद्ध ग्रंथांच्या ओढीने चिनी आत्मसात केली. सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांनी 1938 मध्ये चीनला जाऊन तिथेच 1942 मध्ये देह ठेवला. पण आपण चीनकडे पाहिलं ते बरंचसं आपलं हरवलेलं तिथे शोधायला. कन्फ्यूशियस किंवा मोत्से यांनी स्वतः काय विचारलं, तिकडे आपलं लक्ष कमी गेलं. ही उणीव एका लहान पुस्तकाने भरणार नाही.

शब्दांबद्दल थोडं. ‘ली’ या शब्दाला मी ‘संस्कार’ किंवा ‘विधी’ न म्हणता ‘रीत’ म्हटलं आहे, कारण त्यात लग्नातला मान, जेवणाची पंगत आणि पाणी घेण्याची पाळी हे सगळं बसतं. ‘ताओ’ला जिथे जमलं तिथे ‘वाट’ म्हटलं. ‘फा’ म्हणजे कायदा, पण मोत्से हाच शब्द सुताराच्या गुण्याबद्दल वापरतो, हे त्या प्रकरणात सांगितलं आहे. लाओत्सेच्या ‘वू-वेइ’ला ‘निष्क्रियता’ म्हणण्याची चूक मी केलेली नाही. परे ओढू नयेत, एवढाच त्याचा अर्थ धरून चाललं तरी पुष्कळ कळतं.

प्रकरणं कुठल्याही क्रमाने वाचली तरी चालतील. वेळ कमी असेल तर कन्फ्यूशियसचं निम्मं वाचा, हान फेइचं राहू द्या, पण मोत्सेचं सोडू नका. आणि वाचून झालं की पुस्तक घरात ठेवू नका, शेजारच्या घरी द्या.